गोदामातील ८५ अंश: मायक्रोकंट्रोलरच्या विलंबाचे एक प्रकरण

लातूरजवळ, औसा रस्त्यावर, सोयाबीनचे एक पत्र्याचे गोदाम आहे. भाव पडलेला असला की तिथे माल काही महिने थांबून राहतो, आणि नीट न वाळलेले सोयाबीन थप्पीच्या पोटात हळूहळू तापू लागते. वरच्या पोत्यांना हात लावून ते कळत नाही, आणि वास येईपर्यंत नुकसान झालेले असते. थप्पीत खोचलेल्या सळ्यांमधून तापमान मोजणारे, मर्यादा ओलांडल्यास भोंगा वाजवणारे आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवणारे एक यंत्र आम्ही छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत बनवले होते. त्यातला प्रोग्राम मी लिहिला होता. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्या बहुतांशी माझ्याच आहेत.

यंत्राची रचना साधी होती. एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), त्याच्या आतल्याच ८ मेगाहर्ट्‌झच्या आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे अंगभूत घड्याळावर, चालणारा. डीएस१८बी२० जातीचे बारा तापमान सेन्सर, सगळे एकाच डेटा-तारेवर. चार अंकी सात-खंडी डिस्प्ले. आणि सिरियल तारेने (एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीने) जोडलेले, मोबाइल संदेश पाठवणारे जीएसएम मॉड्यूल. अधिक अचूक घड्याळ देणारा बाहेरचा क्रिस्टल लावला नव्हता, कारण क्रिस्टलच्या दोन पिना कळफलकाला हव्या होत्या.

पहिल्या उन्हाळ्यातच तक्रार आली. वीज जाऊन परत आली की अधूनमधून भोंगा वाजे आणि डिस्प्लेवर ८५.० अंश दिसत. गोदाम सांभाळणारे मामा फोनवर म्हणाले, “साहेब, लाइट आली की तुमच्या यंत्राला ताप चढतो बघा.” त्यांचे निदान आमच्या पहिल्या निदानापेक्षा अचूक होते. आम्ही आधी पॉवर सप्लाय बदलला, मग जोडण्यांवर पुन्हा झाळ दिली. फरक पडला नाही. दुसरी तक्रारही होती, पण ती किरकोळ वाटली: दुपारी जाणाऱ्या काही संदेशांतली अक्षरे बिघडलेली असत. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

तारेवरची वेळ

डीएस१८बी२० ला घड्याळाची वेगळी तार नसते. एकाच तारेवर मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर बोलतात आणि प्रत्येक बिटाचा अर्थ तार किती वेळ खाली ओढली आहे, म्हणजे तिचे व्होल्टेज शून्याजवळ आणले आहे, यावरूनच ठरतो. सुरुवातीला तार किमान ४८० मायक्रोसेकंद खाली ओढून सोडायची. सेन्सर १५ ते ६० मायक्रोसेकंद थांबतो आणि मग स्वतः ६० ते २४० मायक्रोसेकंद तार खाली ओढून आपण हजर असल्याचे सांगतो. त्यापुढे बिट. ‘शून्य’ लिहायचे तर तार ६० ते १२० मायक्रोसेकंद खाली ठेवायची. ‘एक’ लिहायचा तर १५ मायक्रोसेकंदांच्या आत सोडायची. सेन्सर तार खाली गेल्यापासून १५ ते ६० मायक्रोसेकंदांच्या दरम्यान केव्हातरी तिच्याकडे पाहतो. वाचताना मायक्रोकंट्रोलर तार क्षणभर, किमान १ मायक्रोसेकंद, खाली ओढून सोडतो आणि पहिल्या १५ मायक्रोसेकंदांच्या आत तारेची स्थिती पाहतो. त्यानंतर सेन्सरचे उत्तर ग्राह्य नसते.

या मर्यादा एकसारख्या नाहीत. काही ठिकाणी फक्त किमान मर्यादा आहे, काही ठिकाणी फक्त कमाल, काही ठिकाणी दोन्ही, आणि दोन बिटांमधल्या मोकळ्या वेळेला किमान १ मायक्रोसेकंदाची अट असली तरी कमाल मर्यादा मुळीच नाही. मी सुरुवातीला या सगळ्यांकडे ‘अमुक इतके मायक्रोसेकंद थांब’ अशा एकाच नजरेने पाहिले आणि एकच विलंब-फंक्शन सगळीकडे वापरले. या प्रकरणातली बहुतेक गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

रिकामे लूप

माझे पहिले विलंब-फंक्शन म्हणजे एक रिकामे लूप होते: आकडा शून्यापासून मोजत जायचा, आत काहीही करायचे नाही. किती फेऱ्यांना किती वेळ लागतो हे मी ऑसिलोस्कोपवर मोजून आकडे बसवले होते. कार्यशाळेत ते उत्तम चालले. पुढे संदेश पाठवण्याचा भाग जोडल्यावर प्रोग्राम ३२ किलोबाइटच्या मेमरीत मावेना, म्हणून सहकाऱ्याने कंपायलरचे (प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचे) ऑप्टिमायझेशन ‘ओ-शून्य’वरून (बंद) ‘ओ-एस’वर (आकार लहान करणारे) नेले. प्रोग्राम निम्म्यावर आला आणि सगळे सेन्सर एकदम गप्प झाले. ज्या लूपमधून कोणताही परिणाम बाहेर पडत नाही ते काढून टाकण्याचा कंपायलरला पूर्ण अधिकार असतो, आणि त्याने तो बजावला होता. सी भाषेच्या दृष्टीने वेळ जाणे हा परिणामच नव्हे.

मोजणीचा चल ‘व्होलाटाइल’, म्हणजे कंपायलरने गाळू नये असा, घोषित केल्यावर लूप परत आले, पण त्याचा वेग बदलला, कारण आता प्रत्येक फेरीत चलाची किंमत मेमरीतून आणणे आणि परत ठेवणे आले. आकडे पुन्हा बसवण्याऐवजी मी एव्हीआर-लिबसी या, याच जातीच्या चिपसाठीच्या, सी-संग्रहातली तयार विलंब-फंक्शने घेतली. त्यांच्या जुन्या रूपाच्या मुळाशी असलेले लहान लूप असेम्ब्लीत लिहिलेले आहे: एक वजाबाकी १ चक्राची, मागे उडी २ चक्रांची, म्हणजे फेरीला नेमकी ३ चक्रे. ८ मेगाहर्ट्‌झला एक चक्र १२५ नॅनोसेकंदांचे, म्हणून ६ मायक्रोसेकंदांसाठी ४८ चक्रे, अर्थात १६ फेऱ्या. हे गणित कंपायलर आधीच करून ठेवतो. म्हणूनच या फंक्शनांना घड्याळाचा वेग खरा सांगावा लागतो, विलंबाचा आकडा स्थिर असावा लागतो आणि ऑप्टिमायझेशन चालू असावे लागते. माझ्या लूपला जे बंद हवे होते तेच इथे चालू लागते, ही गंमत मला तेव्हा फारशी गोड वाटली नव्हती.

हे सगळे यंत्र गोदामात बसण्यापूर्वीच झाले होते. म्हणूनच ८५ अंशांची तक्रार आली तेव्हा, विलंब आता चक्राचक्राने अचूक आहेत, तेव्हा दोष तिथे असूच शकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

८५ चा अर्थ

८५ अंश हा आकडा उगाच आलेला नाही. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्याबरोबर त्याच्या तात्पुरत्या मेमरीत हीच किंमत असते, आणि पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत ती तशीच राहते. शिवाय वाचलेल्या नऊ बाइटांपैकी शेवटचा बाइट सीआरसीचा, म्हणजे आधीचे बाइट बिघडले नाहीत ना हे पडताळण्याचा, असतो, आणि आमच्या नोंदींत ८५ च्या प्रत्येक वाचनाचा सीआरसी बरोबर होता. म्हणजे वाचन चोख झाले होते. सेन्सरने मोजमापच केले नव्हते. पुरेसे थांबलो नाही असेही नव्हते, कारण १२ बिट अचूकतेच्या मोजमापाला कमाल ७५० मिलिसेकंद लागतात आणि आम्ही ८०० थांबत होतो. उरली एकच शक्यता: ‘मोजमाप करा’ ही आज्ञा सेन्सरपर्यंत नीट पोहोचतच नव्हती.

ती का पोहोचत नव्हती, याचे उत्तर डिस्प्लेत होते. चार अंक आळीपाळीने उजळवण्यासाठी टायमर दर मिलिसेकंदाला इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून दुसरे आधी करायला लावणारा इशारा, देई, आणि त्याचे काम संपायला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागत. माझे विलंब चक्रांच्या हिशेबाने अचूक होते, पण ती चक्रे सलग मिळतील हे मी गृहीत धरले होते. ‘एक’ लिहिताना तार ६ मायक्रोसेकंद खाली असते. त्या सहांत इंटरप्ट आला तर ती चाळीसहून अधिक मायक्रोसेकंद खाली राहते आणि बहुतेक सेन्सर तिला ‘शून्य’ समजतात. बहुतेक, कारण प्रत्येक सेन्सरचा तारेकडे पाहण्याचा क्षण थोडा वेगळा असतो. बारापैकी अकरा सेन्सर ८५ दाखवत असताना एखादा खरे तापमान का दाखवतो, हे जे कोडे पॉवर सप्लाय बदलूनही सुटले नव्हते, ते इथे सुटले.

तरी एक गोष्ट जुळेना. सर्व सेन्सरना एकदम द्यायच्या आज्ञेचे दोन बाइट असतात, हेक्स सीसी आणि हेक्स ४४ (सोळाच्या पायातले आकडे). बिटांत मांडले तर त्यांत मिळून सहा ‘एक’ आहेत. सहा बिट, प्रत्येकी ६ मायक्रोसेकंद, म्हणजे धोक्याचा वेळ एकूण ३६ मायक्रोसेकंद. हजार मायक्रोसेकंदांत एक इंटरप्ट, तोही कुठेही पडणारा, असे धरले तर आज्ञा बिघडण्याचा संभव ३.६ टक्के, अर्थात अठ्ठावीस वेळांत एकदा. मामांच्या वहीत मात्र चार वेळा वीज आली तर एकदा भोंगा, असे प्रमाण होते. शिवाय दोष शोधण्यासाठी मी प्रोग्राममध्ये एक छापील ओळ टाकली की दोष नाहीसा व्हायचा आणि ती काढली की परत यायचा.

चूक ‘कुठेही पडणारा’ या शब्दांत होती. मुख्य प्रोग्राम मोजमापाची फेरी त्याच टायमरच्या टोल्यावर सुरू करत असे. त्यामुळे आज्ञेचे बिट आणि पुढचा इंटरप्ट यांच्यातले अंतर यदृच्छेवर नव्हते, ते प्रोग्रामच्या रचनेने जवळजवळ ठरलेले होते. कळा तपासण्यासारख्या कामांमुळे ते थोडेसे मागेपुढे होई, एवढेच. आमच्या त्या आवृत्तीत इंटरप्ट नेमका दुसऱ्या बाइटच्या सातव्या बिटाच्या आसपास पडत होता आणि तो बिट ‘एक’ होता. छापील ओळ टाकली की सगळे काही मायक्रोसेकंद सरके आणि इंटरप्ट निरुपद्रवी ‘शून्या’वर जाऊन बसे. कार्यशाळेतली आवृत्ती केवळ नशिबाने सुरक्षित होती. उन्हाचा याच्याशी संबंध नव्हता, कारण टायमर आणि विलंब दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. घड्याळ तापून सरकले तरी दोहोंचे परस्परांतले अंतर तेच राहते.

मी संगणकाला जोडायचा २४ मेगाहर्ट्‌झचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर घेऊन लातूरला गेलो आणि डेटा-तार व इंटरप्टच्या आरंभी उंचावणारी एक मोकळी पिन अशा दोन रेषा शेजारी ठेवून पाहिल्या. तिसऱ्याच वेळी तो ताणलेला बिट पडद्यावर सापडला.

त्यापेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट जुन्या नोंदींत निघाली. ८५ फक्त वीज आल्यानंतरच्या पहिल्या फेरीत दिसते. पुढे कधी आज्ञा हुकली तर सेन्सर आपले मागचेच मोजमाप, अगदी बरोबर सीआरसीसह, पुन्हा देतो. नोंदींत अशा जोड्या जागोजागी होत्या: बाराही आकडे ०.०६२५ अंशापर्यंत जसेच्या तसे. थप्पीच्या आत तापमान संथपणे बदलते, तेव्हा तिथे ते खपून गेले. पण पत्र्याखाली टांगलेला बारावा सेन्सर एप्रिलच्या दुपारी अर्धा तास एकाच आकड्यावर थांबतो, हे कोणीतरी, म्हणजे मी, आधीच पाहायला हवे होते. भोंग्याने निदान कटकट तरी केली. ही चूक मात्र गप्प होती.

वाचतानाही इंटरप्टचा त्रास होताच. तिथे उलट घडे: तारेकडे पाहायला उशीर झाला की सेन्सरचा ‘शून्य’ संपलेला असे आणि प्रोग्रामला ‘एक’ दिसे. पण तिथे सीआरसी नापास होई आणि प्रोग्राम पुन्हा वाचे, पाच वेळांपर्यंत. मी ही पुनर्वाचने मोजतही नव्हतो. लिहिलेल्या आज्ञेला मात्र पोहोच मिळत नाही, म्हणून तिथे पुनरावृत्तीचा प्रश्नच आला नाही.

दुरुस्ती

पहिला मोह असा होता की सेन्सरशी बोलताना इंटरप्ट सरळ बंद करावेत. एका सेन्सरच्या वाचनाला निवड-आज्ञा आणि नऊ बाइट धरून दहा मिलिसेकंदांहून अधिक लागतात. तेवढा वेळ डिस्प्ले लुकलुकतो आणि ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) दर १.०४ मिलिसेकंदाला येणारा जीएसएमचा बाइट हरवतो. मर्यादांचा तक्ता पुन्हा समोर घेतल्यावर कळले की इतके करण्याची गरजच नाही. ‘एक’ लिहिताना फक्त खालचे ६ मायक्रोसेकंद, वाचताना खाली ओढल्यापासून तार पाहीपर्यंतचे १३ मायक्रोसेकंद, आणि हजेरी तपासताना सोडल्यापासूनचे ७० मायक्रोसेकंद, एवढ्याच जागा राखायच्या. बाकीच्या वेळी तार वर असते आणि ती कितीही वेळ वर राहिली तरी चालते. थोपवलेला इंटरप्ट तिथे निवांत आपले काम करतो. सुरुवातीचा ४८० मायक्रोसेकंदांचा ठोका थोडा लांबला तरी हरकत नाही.

‘शून्य’ लिहिणे मात्र दोन्ही बाजूंनी अडलेले आहे. माझा आकडा नेमका ६० होता. घड्याळ थोडे जलद चालले की तो किमान मर्यादेखाली जाई. मी तो आधी ७५ केला आणि मग लक्षात आले की त्यावर डिस्प्लेच्या इंटरप्टचे ४० आणि सिरियलच्या इंटरप्टचे ५ चढले तर १२० ला जाऊन भिडतो. शेवटी ६५ ठेवला: सर्वांत वाईट स्थितीत ११०.

इंटरप्ट बंद करण्यापूर्वी स्थिती-रजिस्टर (इंटरप्ट चालू की बंद हे ज्यात असते ते) जपून ठेवायचे आणि नंतर तेच परत घालायचे, आंधळेपणाने इंटरप्ट चालू करायचे नाहीत, ही शिस्त इथे पाळावी लागली. कारण हेच फंक्शन एका ठिकाणी इंटरप्ट आधीच बंद असताना बोलावले जात होते.

आज्ञा पोहोचल्याची खात्री करण्याचा एक मार्गही सापडला, जो माहितीपत्रकात पहिल्यापासून होता. सेन्सरला स्वतंत्र वीज दिलेली असेल तर मोजमाप चालू असताना तो वाचनाच्या प्रत्येक बिटाला ‘शून्य’ उत्तर देतो आणि संपल्यावर ‘एक’. म्हणून आज्ञेनंतर लगेच एक बिट वाचायचा. ‘एक’ मिळाला तर कोणीच मोजमाप करत नाही, आज्ञा पुन्हा द्यायची. एका तारेवर बारा सेन्सर असल्याने ‘शून्य’ मिळाल्यास किमान एकाने ऐकले एवढेच सिद्ध होते, ही त्रुटी आहे. पण इंटरप्टचा बंदोबस्त झाल्यावर ती चालण्यासारखी होती.

८०० मिलिसेकंदांचे थांबणेही बदलले. तेवढा वेळ प्रोग्राम एका जागी अडकून राही आणि कळा दाबूनही काही घडत नसे. आता टायमर१ आठाने भागलेल्या घड्याळावर, म्हणजे १ मेगाहर्ट्‌झवर, ९९९ पर्यंत मोजतो (१००० नव्हे, शून्यही मोजला जातो) आणि दर मिलिसेकंदाला एक टोला देतो. प्रोग्राम सुरुवातीचा टोला लक्षात ठेवून आत्ताच्या टोल्यातून तो वजा करतो आणि फरक पुरेसा झाला की वाचतो. दहा मिनिटांच्या फेरीसाठी मी आधी वजाबाकीऐवजी ‘मागची वेळ अधिक दहा मिनिटे’ अशी बेरीज करून तुलना करत होतो. ३२ बिटांचा मोजक ४९.७ दिवसांनी शून्यावर आला की ती तुलना फसते, चिन्हरहित वजाबाकी फसत नाही. ही चूक गोदामात कधीच उघड झाली नाही, कारण तिथे ४९ दिवस अखंड वीज राहिलेलीच नव्हती.

उरलेले काम: घड्याळ आणि तार

इंटरप्टचा प्रश्न मिटल्यावर ८५ थांबले, पण सर्वांत लांबच्या सळीचे सेन्सर दुपारी अजून सीआरसीत नापास होत, आणि संदेशांतली अक्षरे बिघडत. आता मात्र दोन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळाल्या. एटीमेगा३२८पीचा आतला ऑसिलेटर कारखान्यातून ±१० टक्के इतक्याच खात्रीने येतो आणि तापमान व व्होल्टेज यांबरोबर सरकतो. पत्र्याखालच्या पेटीत सकाळी आणि दुपारी मोजले तेव्हा सुमारे ३ टक्क्यांचा फरक मिळाला. सिरियल जोडणीला २ टक्क्यांच्या आत राहणे बरे. त्यामुळे संदेश बिघडण्याचे कारण सरळ होते.

सेन्सरच्या बाबतीत ३ टक्के म्हणजे १३ मायक्रोसेकंदांत अर्ध्याहूनही कमी मायक्रोसेकंद. एवढ्याने बिघडावे, तर तिथे आधीच जागा उरलेली नसणार. तशी ती नव्हती. सुमारे ३० मीटर केबलची धारिता दोन नॅनोफॅरडच्या घरात जाते, तिच्यासह ४.७ किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरचा (सोडलेली तार वर नेणाऱ्या रोधकाचा) कालस्थिरांक ९ मायक्रोसेकंदांहून अधिक होतो. ३ मायक्रोसेकंदांनी सोडलेली तार तेराव्या मायक्रोसेकंदापर्यंत जेमतेम वर पोहोचत होती. मी प्रोग्राममध्ये विलंब अर्ध्या मायक्रोसेकंदाने मागेपुढे करण्यात एक दुपार घालवली. मग खाली ओढण्याचा काळ ३ वरून २ मायक्रोसेकंदांवर आणला आणि रेझिस्टर २.२ किलोओहमचा केला, तेव्हा तार वेळेत वर जाऊ लागली.

घड्याळाला दुसरा इलाज नव्हता. ऑसिलेटरचे अंशशोधन-रजिस्टर बदलून एका तापमानाला तो बरोबर आणता येतो, पण सकाळी बरोबर केलेले दुपारी राहत नाही. एकतारी बिट सिरियल यंत्रणेकडूनच काढून घ्यावेत, म्हणजे विलंबाची गरजच राहणार नाही, हाही पर्याय तपासला. परंतु या चिपवर सिरियल यंत्रणा एकच असते आणि ती जीएसएमकडे गुंतलेली होती. शेवटी ८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावला, कळफलकाच्या दोन कळा एका अ‍ॅनालॉग पिनवर वेगवेगळ्या रेझिस्टरांनी एकत्र आणल्या आणि नवी पेटी केस वाळवण्याच्या यंत्रासमोर तासभर तापवून मगच लातूरला पाठवली.

आता यंत्र पुनर्वाचनांची संख्याही नोंदवते आणि रोज रात्रीच्या संदेशात ती येते. अकरा सेन्सरपुढे बहुधा शून्य असते. सातव्या सळीचा आकडा मध्यंतरी रोज चढत गेला तेव्हा मी पुन्हा मर्यादांचा तक्ता काढून बसलो होतो. मामांनी थप्पीमागे जाऊन पाहिले, तर केबल उंदरांनी कुरतडलेली निघाली.